जिन्याला बांधलेला चमचा

पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या लोखंडी कठड्याला, सुतळीने एक चमचा बांधलेला होता. साधा स्टीलचा, दांड्याशी जरासा वाकलेला. भाचीने तो लगेच ओळखला. लहानपणी सुट्टीत ती आत्याकडे राहायला यायची, तेव्हा हाच चमचा साखरेच्या डब्यात असायचा.

दुसऱ्या मजल्यावर तशाच सुतळीला एक गंजकी किल्ली लटकत होती. तिसऱ्या मजल्यावर अर्धा तुटलेला कंगवा.

कंगव्यापाशी ती थांबली. पाठीवरची बॅग सावरली आणि मनात म्हणाली, म्हणजे बाबा सांगत होते ते खरंच आहे तर.

बाबांनी सांगितलं होतं ते असं. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. वय अडुसष्ट, लग्न केलं नाही, एकटी राहते. काचबिंदूने तिचा एक डोळा केव्हाच गिळलेला. दुसऱ्याने ती नळीतून बघावं तसं बघते. समोरचं बशीएवढं दिसतं, आजूबाजूला काळोख. तीन महिन्यांपूर्वी तिच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा बाबांना फोन आला. "तुमच्या ताई आमच्या कुलपात किल्ली घालत होत्या. मी दार उघडलं, तर मलाच विचारतात, तुम्ही माझ्या घरात काय करताय?" महिन्याभराने पुन्हा फोन. "रागावू नका हं, पण आता त्या जिन्यात चमचे टांगायला लागल्यात."

बाबांची सारी नोकरी बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात गेलेली. सहा-चाळीसची गाडी सहा-बेचाळीसला सुटली तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. अशा माणसाला जिन्यातला चमचा सहन होणं शक्यच नव्हतं.

"डोळ्यांचं मी समजू शकतो," ते भाचीला म्हणाले होते. "पण डोकं फिरायला लागलं तर एकटं ठेवायचं नाही. तू आठवडाभर जाऊन राहा. गोड बोलून सामान बांध. रविवारी मी गाडी घेऊन येतो."

भाचीने बेल वाजवली. आत्याने दार उघडलं, आणि भाचीच्या चेहऱ्याऐवजी तिच्या खांद्याच्या जरा वर बघत म्हणाली, "आली का शहाणी? चपला समोर नको काढूस, डावीकडे काढ."

"मीच आहे हे कसं कळलं?"

"दोनदा बेल वाजवून मध्ये दम खाणारं माणूस आपल्या घराण्यात एकच आहे. नोकरी काय म्हणते?"

"चाललीय. लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते."

"लहानपणी हेच फुकट करायचीस. बरं झालं, पगार मिळायला लागला."

डोकं तर ठिकाणावर दिसत होतं. पण घरात पाऊल टाकल्यावर भाचीला पुन्हा धडकी भरली. न्हाणीघराच्या दाराच्या मुठीला कपडे वाळत घालायचा चिमटा. पलंगाच्या एका कोपऱ्याला लोकरीचा भलामोठा गोंडा. खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर बटणांची माळ. स्वयंपाकघरात जाताना लागणाऱ्या वळणावर भिंतीवरच्या खिळ्याला एक वाटी उपडी टांगलेली. एका बरणीला एक रबर, दुसरीला दोन, तिसरीला तीन. घर स्वच्छ होतं, पण जणू कुणीतरी सगळ्या वस्तू एका पिशवीत घालून हलवल्या होत्या आणि जिथे पडतील तिथे राहू दिल्या होत्या.

"आत्या, ही वाटी इथे का?"

"असू दे तिला तिथे," आत्या म्हणाली आणि विषय बदलला.

मंगळवारी सकाळी आत्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डोळ्यातला दाब मोजून घ्यायला निघाली. भाची सोबत यायला उठली, तर तिने हात झटकला. "काही नको. वाट माझी पाठ आहे. तू बस तुझ्या चुका शोधत."

आणि भाचीने नेमकं तेच केलं. दीड तासात तिने घर लख्ख केलं. चिमटा दोरीवर गेला. वाटी मांडणीत, बटणं शिवणाच्या डब्यात, लोकर लोकरीत. बरण्यांची रबरं काढून एका पुडीत बांधली. मग ती जिन्यात गेली. कंगवा तर तुटकाच होता, तो कचऱ्यात टाकला. किल्ली सोडवली, चमचा सोडवला. चमचा घासून पुसून साखरेच्या डब्यात ठेवला, तेव्हा तिला फार बरं वाटलं. आत्या आली की घर बघून खूश होईल, आणि खूश झाली की रविवारचा विषय काढता येईल, असा तिचा हिशेब होता.

आत्या यायची वेळ होऊन गेली. आणखी पाऊण तास गेला. भाची काळजीने खाली निघाली, आणि दुसऱ्या मजल्यावर पोचताच थबकली.

आत्या पायरीवर बसलेली होती. पिशवी मांडीवर, एक हात कठड्यावर. तो हात गजावरून सावकाश पुढे जात होता, मागे येत होता, पुन्हा पुढे जात होता. भाचीची चाहूल लागताच थांबला.

"हा कितवा मजला गं?" आत्याने विचारलं.

"दुसरा."

"इथलं कुणी काढलं?"

"मी. काळजी करू नकोस, सगळं जागच्या जागी ठेवलंय."

"जागच्या जागी," आत्या म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली. मग हात पुढे केला. "धर."

लहानपणापासून भाचीने आत्याचा हात धरला होता. आत्याने तिचा असा कधीच धरला नव्हता. त्या हाताचं सगळं वजन तिच्या हातात आलं. घरात शिरल्यावर आत्याची नडगी पलंगाच्या कोपऱ्यावर सणसणीत आपटली. ती ओरडली नाही. पलंगावर बसली आणि म्हणाली, "बाळ्याला कळव. तू कशाला आलीयस ते मला ठाऊक आहे. येतेय मी तिकडे."

ज्या कामासाठी भाची आली होती ते असं चुटकीसरशी झालं. तिने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "शाब्बास." पण फोन ठेवल्यावर तिला शाब्बासकीसारखं काही वाटेना. एखादा प्रोग्राम चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर द्यायला लागला की ती जशी पुन्हा पहिल्या ओळीपासून तपासायला बसे, तसं करावंसं वाटत होतं.

दोन दिवस आत्या खुर्चीतच होती. चहासुद्धा भाचीने करून द्यायचा आणि हातात द्यायचा. चहात मीठ पडेल म्हणून आत्या बरण्यांना हात लावेना. ती इतकी शहाण्यासारखी वागत होती की भाचीला रडू येई.

गुरुवारी भाचीने कपाटावरच्या दोन बॅगा काढल्या. त्यांच्या मागे, भिंतीला टेकवून, कागदाचा एक जाडजूड गठ्ठा होता. पूर्वी छपाई यंत्रांना लावायचे तसला रुंद, घड्या घड्यांचा सलग कागद, दोन्ही कडांना बारीक भोकांची रांग. भाचीने एक टोक धरलं आणि गठ्ठा हातातून निसटला. घड्या उलगडत उलगडत कागद बाहेरच्या खोलीभर पसरला, आणि सोफ्याखाली जाऊन थांबला.

त्याच्यावर पेन्सिलीने चौकोन काढलेले होते. शेकड्याने चौकोन. प्रत्येकात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. 'खाऱ्या पाण्याचं तळं.' 'छताला हात लागतो.' 'इथे वारा येतो, कुठून ते कळत नाही.' चौकोनातून चौकोनात बाण. काही बाणांच्या शेवटी फुली.

"आत्या, हे काय आहे?"

कागदाचा आवाज आत्याने केव्हाच ओळखला होता. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ती माझी गुहा," ती म्हणाली.

आत्या पंचविशीत असताना सुट्या भागांच्या एका मोठ्या गोदामात कामाला होती. बोल्ट, पट्टे, बेअरिंग, कुठल्या फळीवर किती, याच्या नोंदी संगणकाच्या यंत्रात करायच्या. यंत्र वेगळ्या थंडगार खोलीत. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, जणू आत कुणी थोर माणूस झोपलंय. यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्या इंजिनियरने एकदा त्याच्यात एक खेळ ठेवला आणि जाता जाता सांगून गेला. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. सगळं इंग्रजीत, म्हणून आत्या शेजारी शब्दकोश घेऊन बसायची.

"काय यायचं पडद्यावर?"

आत्याने डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं, "तू कोरड्या विहिरीच्या तळाशी उभी आहेस. वर बशीएवढं आभाळ दिसतं. पश्चिमेला कमान आहे." ती थांबली. "आणि खाली नुसता एक ठिपका लुकलुकायचा. बस्स."

"मग?"

"मग काय! तो ठिपका म्हणजे, आता काय करतेस, असं विचारणं. अगं, मी घरातली थोरली. पंचवीस वर्षं मला सगळ्यांनी सांगितलंच होतं. हे कर, ते करू नको, धाकट्याला सांभाळ. काय करतेस, असं विचारून उत्तराची वाट बघत थांबणारं ते पहिलंच. मी पहिल्या दिवशी जेवणाची सगळी सुट्टी त्याच्यासमोर नुसती बसून होते. काही टाइपच केलं नाही. आणि ते थांबलं!"

चाळीस वर्षांनंतरही तिला त्या थांबण्याचं नवल ओसरलं नव्हतं.

रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास, असं ते सव्वा वर्ष चाललं. उत्तरेला जा, म्हटलं की गुहेत आणखी एक दालन उघडायचं. नसलेल्या भिंती, नसलेलं पाणी, पण आत्याला पाण्याचा गारवा जाणवायचा. एकदा गोदामाचे साहेब अचानक आत आले. कडक माणूस, हसले तर बढती मागतील लोक, म्हणून न हसणारा. "हे काय चाललंय, बाई?" आत्या घाबरून खरं तेच बोलून गेली, "साहेब, गुहेत अडकलेय. अंधार आहे." साहेब चष्मा सावरून पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मग कंदील लावा की!" कंदील घ्यायचा असतो, हे आत्याला सुचलंच नव्हतं! त्या दिवसापासून साहेब रोज डबा खाऊन दाराशी येऊन उभे राहायचे, आणि गोदामात आत्याचं नाव कंदीलबाई पडलं. निवृत्तीच्या दिवशी सत्काराच्या फलकावरही तेच लिहिलं होतं.

भाची जमिनीवर रांगत नकाशा बघत होती. कॉलेजात तिला असले चौकोन-बाणांचे आलेख शिकायला अख्खं सत्र लागलं होतं. आत्याने हे सगळं, आलेख हा शब्दही माहीत नसताना, काढलं होतं. "आणि या फुल्या?"

"तिकडे वाट नाही. पण नाही हे जाऊन बघितल्याशिवाय कसं लिहायचं? प्रत्येक खोलीतून आठ दिशा, वर आणि खाली. सगळ्या बघितल्या."

भाचीने मनातल्या मनात गुणाकार केला. एकशे बेचाळीस चौकोन, प्रत्येकी दहा वाटा. तिच्या कंपनीत असं काम चौघांना वाटून देतात, आणि तरी ते अर्धंच होतं.

"शेवटाला पोचलीस?"

"छे. चकवा ओलांडला, पलीकडच्या दालनाच्या दाराशी गेले, आणि दुसऱ्या दिवशी यंत्रच बदललं. नवीन यंत्रात खेळ नव्हता. संपलं."

त्या कोरड्या विहिरीचं पहिलं वाक्य भाचीने लॅपटॉपवर शोधलं. अशा खेळांवर जीव असलेली माणसं जगभर आहेत, त्यांनी ते लोणच्यासारखे मुरवून जपून ठेवलेत. दहा मिनिटांत काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. भाचीने ती जमतील तेवढी मोठी केली. आत्याने खुर्ची पुढे ओढली, नाक पडद्याला लागेपर्यंत वाकली. "आहे," ती पुटपुटली. "अजून थांबलंय." मग मागे रेलून म्हणाली, "त्या वेळी वाटायचं, बशीएवढं आभाळ म्हणजे असेल तरी कसं? आता रोज बघते."

शुक्रवारी दुपारभर दोघी खेळल्या. भाची वाचायची ते मराठीतून सांगायची, आणि आत्या मराठीत सांगेल ते इंग्रजीत टाइप करायची. नकाशा जमिनीवर होता, पण त्याची गरजच पडली नाही. आत्या डोळे मिटून चालत होती. "पश्चिम. कंदील घे. खाली. आता ओणवं व्हावं लागेल. डावीकडे पाणी ठिबकतंय का?" "हो, तसं लिहिलंय." "मग बरोबर आलो. उत्तर. घंटा घे. दोर घे. कुदळ राहू दे... नाही, घे, लागेल." तळमजल्यावरच्या दुकानात भाजी आणायला जावं इतक्या सहज ती एकशे बेचाळीस दालनांतून जात होती, आणि भाचीला तिचा माग काढताना धाप लागत होती.

मग एका जागी पडदा म्हणाला, तू एका अरुंद बोळात आहेस, सगळ्या बाजूंना वाटा आहेत. भाचीने उत्तर घेतली. तू एका अरुंद बोळात आहेस, सगळ्या बाजूंना वाटा आहेत. पूर्व घेतली. पुन्हा तेच. परत फिरली. तेच. अक्षर न् अक्षर तेच.

"हा चकवा," आत्या खुशीत म्हणाली. "मी इथे तीन आठवडे फिरत होते. दाखव तुझी हुशारी."

भाचीने बाह्या सरसावल्या. वाटा मोजायला सुरुवात केली. तीन उत्तर, एक पूर्व. अकराव्या वळणावर तिचा फोन वाजला, तिने तो बंद केला, आणि आकडा डोक्यातून गेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा गोंधळ. "याला काही अर्थ नाही! सगळ्या खोल्या एकसारख्या आहेत, आपण कुठे आहोत ते कळणार कसं?"

"मोजू नकोस. मोजलेलं डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि कुणी हाक मारली की सांडतं. तुझ्याजवळ काय काय आहे?"

"कंदील, घंटा, दोर, कुदळ, मेणबत्ती."

"घंटा इथे टाक."

"टाक? एवढी मिळवलेली घंटा?"

"टाक गं. आता उत्तरेला जा. तिथे दोर टाक. आता पूर्वेला. कुदळ टाक. झालं? आता हवी तशी भरकट आणि काय लिहून येतं ते वाच."

भाचीने दोन-तीन आडव्या-तिडव्या वाटा घेतल्या. पडद्यावर आलं, तू एका अरुंद बोळात आहेस, सगळ्या बाजूंना वाटा आहेत. आणि त्याच्याखाली एक नवी ओळ. इथे एक दोर पडलेला आहे.

"दोर," आत्या म्हणाली. "म्हणजे आपण दुसऱ्या खोलीत. खोल्या एकसारख्या असल्या म्हणून काय झालं! आपलं काहीतरी ठेवलं की ती खोली आपली."

भाचीची बोटं कळांवर तशीच राहिली. चार मजले. प्रत्येक मजल्यावर तोच कठडा, त्याच अकरा पायऱ्या, तीच दोन तपकिरी दारं. तिच्या डोळ्यांपुढे तो हात आला, कठड्यावरून पुढे जाणारा, मागे येणारा, पुन्हा पुढे जाणारा.

"आत्या," ती म्हणाली. "चमचा."

आत्याने तोंड तिच्याकडे वळवलं.

"पहिला मजला चमचा. दुसरा किल्ली. तिसरा कंगवा. आणि चिमटा म्हणजे न्हाणीघर. वाटी म्हणजे वळण." भाचीने कळांवरून हात काढले. "आणि मी सगळं... तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? इतके डोळे गेले, चल उचल तिला, म्हणाला असता तुम्ही. नाही सांगितलं तर वेडी म्हणालात. वेडी म्हटलेलं एक वेळ परवडतं गं. वेड्या माणसाला लांबून बघतात. आंधळं म्हटलं की हात धरतात. आणि एकदा हात धरला की पाय आपलं काम विसरतात. हे तीन दिवस बघितलंसच की."

"एकदा त्या काकूंच्या दाराशी गेलीस ना..."

"त्याच दिवशी. त्यांच्या दारात उभी होते, त्या ओरडत होत्या, आणि मला एकदम वाटलं, अरे, हा तर चकवा आहे. हा मी पूर्वी सोडवलाय!"

भाची उठली आणि आतल्या खोलीत जाऊन उभी राहिली. वेळापत्रकाबाहेरचा एक चमचा बघून तिने आणि तिच्या बापाने या बाईच्या डोक्याचा निकाल लावला होता. आणि हिने, काळोख एकेक पाऊल आत येत असताना, अख्खं घर बोटांना वाचता येईल असं लिहून काढलं होतं. कुणालाही न विचारता. सगळ्या फुल्यांसकट.

शनिवारी सकाळी आत्या खुर्चीत बसून एकेक जागा सांगत होती आणि भाची वस्तू ठेवत होती. रबरं कुठल्या बरणीला किती, गोंडा कुठल्या कोपऱ्याला. कंगवा मात्र कचऱ्यातून केव्हाच गेला होता. भाचीने आपल्या बॅगेतला नवा कोरा कंगवा काढला आणि विचारलं, "अर्धाच हवा?"

"अर्धाच. मोडलेली कड बोटाला लगेच कळते."

भाचीने तो मधोमध मोडला.

ती जिन्यात किल्ली बांधत होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं. आधी किल्लीकडे बघितलं, मग भाचीकडे. "घराण्यातच आहे वाटतं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी बाबा ठरल्या वेळेच्या दोन मिनिटं आधी आले. पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या शिंप्याच्या यंत्राची घरघर चालू होती. भाची खालीच उभी होती. तिने त्यांना सगळं सांगितलं. बाबा ऐकत गेले, आणि शेवटी म्हणाले, "खेळ वेगळा, आयुष्य वेगळं. सामान बांधलंय ना?"

"बांधलंय. दाराशी ठेवलंय. पण एक करा. इथून आत्याच्या दारापर्यंत डोळे मिटून जा. नीट पोचलात तर बॅगा मी स्वतः खाली आणते, पुन्हा एक शब्द बोलणार नाही."

"अगं, अडतीस वर्षं येतोय मी या जिन्याने!"

"मग काय अवघड आहे?"

बाबांनी इकडेतिकडे बघितलं, कुणी नाही याची खात्री केली आणि डोळे मिटले. भाची एक पायरी मागे ठेवून चालली. बाबा कठडा धरून, ओठांतल्या ओठांत पायऱ्या मोजत निघाले. पहिल्या मजल्यावर त्यांचा हात चमच्याला लागला. त्यांनी तो झुरळ झटकावं तसा झटकला. तेवढ्यात शिंपी दारात आला.

"काय साहेब, बऱ्याच दिवसांनी?"

"हो, हो. ठीक. तुमचं?"

"चाललंय. डोळ्यात काही गेलं का?"

"नाही, नाही," बाबा म्हणाले आणि पुढे निघाले. आता त्यांचे ओठ हलत नव्हते. वळण आलं, दुसरं वळण आलं. हाताला किल्ली लागली, ती त्यांनी घटकाभर मुठीत धरली, आणि सोडून दिली. मग अडतीस वर्षांच्या सवयीने डावीकडे वळून बेल वाजवली.

दार उघडलं. "अगं बाई!" दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "आता तुम्ही पण?"

बाबा कानापर्यंत लाल झाले. पण आश्चर्य म्हणजे त्यांनी डोळे उघडले नाहीत. भाचीला वाटलं, ते आता रागावतील. ते तसेच उभे होते, एक हात हवेत, कुठलीच भिंत न सापडलेला. तिने आपल्या बापाला असं कधी बघितलं नव्हतं. वेळापत्रकात नसलेल्या थांब्यावर उतरलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

वरून आत्याचा आवाज आला. "बाळ्या, मघाशी हाताला काय लागलं?"

बाबांनी हात खाली घेतला. "किल्ली, ताई."

"मग अजून एक मजला. ये वर. घाई नको."

बाबा पुन्हा कठड्यापाशी आले. या वेळी त्यांनी मोजलं नाही. गजावरून हात सावकाश सरकवत, वाचत असल्यासारखे चढत गेले. तिसऱ्या मजल्यावर बोटांना कंगव्याची मोडकी कड लागली. ते तिथे थांबले, आणि कितीतरी वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले.

"कंगवा," ते हळूच म्हणाले.

"आलास घरी," आत्या दारातून म्हणाली.

ते मिटल्या डोळ्यांनीच आत शिरले आणि बॅगेला अडखळून पडता पडता वाचले. "ही वाटेत कुणी ठेवली?" ते ओरडले.

"तुझ्यासाठीच बांधून ठेवलीय," आत्या म्हणाली.

तेव्हा कुठे बाबांनी डोळे उघडले. बॅगेकडे बघितलं. न्हाणीघराच्या दाराचा चिमटा, वळणावरची वाटी, खुर्चीच्या पाठीवरची बटणं, एकेक करून सगळं बघितलं. मग वाकून त्यांनी बॅग उचलली.

"कुठे होती ही?"

"कपाटावर," आत्या म्हणाली.

बाबा बॅग कपाटावर ठेवून आले. दुसरीही ठेवली. हात झटकत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "संध्याकाळी सहा-चाळीसला मी रोज फोन करणार. दोन रिंगच्या आत उचलायचा. आणि डोळ्यात टाकायच्या थेंबांचं मी वेळापत्रक करून देतो. पुढे उरलेलंही दिसेनासं झालं, तर आणखी काय कुठे बांधायचं ते मला सांगायचं. काकूंकडून कळता कामा नये."

"बरं, साहेब."

"आणि त्या चमच्याची सुतळी सैल झालीय. गाठ मारता येत नाही हिला," ते भाचीकडे बोट दाखवून म्हणाले.

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शुक्रवारी चकवा ओलांडून दोघी त्या शेवटच्या दालनाच्या दाराशी येऊन थांबल्या होत्या. भाचीने पुढे जायचं का म्हणून विचारलं होतं, आणि आत्या म्हणाली होती, आज नको, ते थांबतं. काळ्या पडद्यावर चार हिरव्या ओळी होत्या आणि खाली ठिपका लुकलुकत होता.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"वाट बघतंय," आत्या म्हणाली.

"कशाची?"

"आता काय करतोस, ते तू सांगण्याची."

बाबांनी खुर्ची ओढली. बसता बसता सवयीने घड्याळाकडे बघितलं, आणि मग ते मनगटावरून काढून खिशात ठेवलं. पडद्याजवळ वाकून त्यांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या.

"ताई," ते दबक्या आवाजात म्हणाले, जणू आत कुणी ऐकेल, "या दारापलीकडे काय आहे?"

"मला तरी कुठे माहीत आहे!" आत्या म्हणाली. तिचा तोंडवळा पंचवीस वर्षांच्या मुलीसारखा दिसत होता. "कंदील घेतलायस ना?"